मातीकडे तोंड केलेली नावं

कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, एवढ्यावरून आमच्या कार्यालयात दोन साहेबांच्या बदल्या झालेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बांधकामाच्या त्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. "वाघमारेबाई, हा मंजूर मजकूर. जुन्या जालन्यात शांतवन मिस्त्रीकडे पोचवा. काना, मात्रा, वेलांटी स्वतः तपासायची. नाव चुकलं तर मी नाही, तुम्ही जाल." अशी आमची ओळख झाली. पुढे नोकरी संपेपर्यंत मी तसले कागद घेऊन त्यांच्याकडे जात राहिले. रस्ते, शाळाखोल्या, सभागृहं, पाण्याच्या टाक्या. त्यांतली काही बांधलीही गेली.

धान्याच्या ठोक दुकानांमागे एक बोळ आहे. रिक्षावाला आत येत नाही, तोंडाशीच उतरवतो. पोत्यांच्या थप्प्या आणि उभ्या केलेल्या मोटारसायकली चुकवत आत गेलं की पत्र्याचं एक शेड लागायचं आणि शेडमध्ये पोत्यावर मांडी घालून बसलेले शांतवन मिस्त्री. शर्टाचं गळ्यापाशीचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. भुवयांवर संगमरवराची पांढरी भुकटी. एक अक्षर कोरून झालं की फुंकर मारायचे, मान तिरकी करून पाहायचे आणि मग पुढचं अक्षर. आलेल्या माणसाकडे मात्र ओळ पुरी झाल्याशिवाय पाहायचे नाहीत. मी सुरुवातीला रागावायचे. सरकारी कागद घेऊन आलेल्या बाईला ताटकळत ठेवणारा हा कोण, असं वाटायचं. नंतर मीच खाली दुसरं पोतं ओढून बसायला लागले.

त्यांची कोरायची रीत उलटी होती. सगळे कारागीर वरून सुरू करतात. हे खालच्या ओळीपासून सुरू करायचे. आधी ठेकेदार, मग शाखा अभियंता, मग एकेक पायरी वर. मंत्र्याचं नाव सगळ्यांत शेवटी.

"असं का हो, मिस्त्री?"

"खालचे लोक बदलत न्हाईत, बाई. ठेकेदार तर बिलकुलच बदलत न्हाई. वरच्याचं काय खरं? त्याचं नाव शेवटी घ्यायचं. तवर तो ऱ्हायला तर ऱ्हायला."

मी हसले. पण महिनाभरातच मंत्रिमंडळात उलथापालथ झाली आणि दुसऱ्या कारागिरांकडचे चार दगड वाया गेले. मिस्त्रींच्या दगडावरची वरची ओळ कोरी होती. त्यांनी नवं नाव विचारलं आणि त्याच संध्याकाळी दगड पोचता केला. मोठे साहेब इतके खूश झाले की पुढे सगळी कामं त्यांच्याकडेच जाऊ लागली.

मिस्त्री ख्रिस्ती. आजोबांपासूनचे. रविवारी शेड बंद, मग मंत्री येवो की राज्यपाल. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, उपासना पाळकसाहेब चालवायचे, पण राज्यकर्त्यांसाठी करायची प्रार्थना मात्र मिस्त्रींकडे होती. ते काम त्यांना कुणी दिलं होतं आणि कधी, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. आमच्या घरी बुद्धवंदना. माझे वडील आष्टीला शिक्षक होते, आणि देवळात किंवा चर्चमध्ये गेलीस तर चपलांपाशी बसून ऐकून ये, हात जोडायची घाई करू नकोस, असं सांगायचे. एका नाताळला मिस्त्रींच्या आग्रहावरून मी गेले आणि शेवटच्या बाकावर बसून ती प्रार्थना ऐकली. कोरताना ज्यांची नावं ते वेलांटीसकट घोटायचे, त्यांतलं एकही नाव त्यांनी घेतलं नाही. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमच्यावर जे कुणी राज्य करत असतील, त्यांना झोप लागू दे. अन् उठल्यावर आपण माणूस आहोत एवढं त्यांना आठवू दे." बस. संपली. मला वाटलं, ही आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, नावं का घेत नाही? म्हणाले, "नावं दगडावर घेतो की. तिथं काहून घ्यायची? त्याला माहीत हाय कोण कोण बसलंय ते. बसवलंय त्यानंच."

एक राजा त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. बायबलमधला, बाबेलचा नबुखद्नेस्सर. ते नाव मिस्त्री इतक्या सहज घ्यायचे की तो भोकरदनकडचा कुणी माजी सभापती असावा. मजकुराचा कागद वाचून झाला, चहा आला, की राजा यायचाच.

"लय मोठा राजा, बाई. अर्धं जग त्याचं. त्याला सपान पडलं. एक झाड, आभाळाला टेकलेलं, अन् वरून हुकूम आला, तोडा म्हणून. बुंधा तेवढा ठिवा. संदेष्ट्यानं अर्थ सांगितला, राजा, ते झाड तू हायस. जरा नमतं घे. राजानं ऐकलं, अन् गेला इसरून. वर्षानं वाड्याच्या गच्चीवर फिरून राह्यला व्हता. खाली शहर बघून म्हणला, हे म्या बांधलं. माझ्या ताकदीनं. माझ्या नावासाठी. वाक्य तोंडातच व्हतं, अन् वरून आवाज आला. राज्य गेलं तुझं. तिथून पुढं त्यो राजा बैलासारखा गवत खाऊन राह्यला. अंगावर दहिवर. केस वाढले, नखं पाखराच्या नखांवानी झाली. सात काळ."

"मग?"

"मंग एक दिवस त्यानं वर पाह्यलं. बस, वर पाह्यलं. अन् अक्कल परत आली. राज्य बी परत भेटलं." इथे ते बशीतला चहा संपवायचे. "लोकाला गवत तेवढं ध्यानात ऱ्हातं. परत आला ते कुणी सांगत न्हाई."

खरं सांगायचं तर मलाही गवतच आवडायचं. दिवसभर साहेब लोकांची बोलणी खाऊन आलेल्या लिपिकाला, एक राजा चार पायांवर चरतोय, या चित्रात जे सुख मिळतं ते सांगून कळायचं नाही.

आबासाहेब आमच्या गोष्टीत आले ते याच दिवसांत. भागातले मोठे पुढारी. राजूरच्या अलीकडे एका खेड्यात सामाजिक सभागृह मंजूर झालं होतं, भूमिपूजन त्यांच्या हस्ते. मी मजकूर घेऊन शेडमध्ये बसले होते आणि त्यांचा स्वीय सहायक आला. म्हणाला, आबासाहेबांचं नाव बाकीच्यांपेक्षा मोठं पाहिजे. अर्धा इंच तरी.

मिस्त्रींनी पट्टी लावून पाहिलं. "करतो की. पण मंग गावाचं नाव बसत न्हाई."

"गावाचं राहू द्या. गाव कुठं पळून चाललंय?"

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, ते म्हणतात तसं करा. म्हणून संगमरवराच्या त्या दगडावर पद, नाव, उपस्थिती, सगळं आलं. सभागृह कुठलं तेवढं आलं नाही. दगड तयार झाला, मांडव उभा राहिला आणि कार्यक्रमाच्या आधी आबासाहेबांचं पद गेलं. कसं गेलं ते वर्तमानपत्रात आलं होतं, खरं कारण शहरात सगळ्यांना माहीत होतं, दोन्हींचा मेळ नव्हता. कार्यक्रम रद्द. दगड शेडच्या भिंतीला टेकून राहिला. त्यावर गावाचं नाव असतं तर निदान त्या गावानं तरी नेला असता.

त्या पावसाळ्यात मिस्त्रींच्या मंडळीतल्या मार्थाबाई गेल्या. एका दवाखान्यात आया होत्या. मागे कुणी नाही. दर शनिवारी चर्च झाडायच्या आणि मिस्त्रींना डब्यातून कढी आणून द्यायच्या. पंधरवड्यानं मी शेडवर गेले तर मिस्त्री संगमरवरावर त्यांचं नाव कोरत होते. दगड ओळखीचा वाटला. मी वाकून खालून पाहिलं आणि मला हसूच फुटलं. आबासाहेब खाली होते.

"मिस्त्री, हे काय?"

"पालथा घातला. इतका चांगला दगड, वाया काहून घालवायचा? अन् बाईला कोण दगड आणून देणार व्हतं?"

मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की हा पहिला नाही. रद्द झालेल्या कार्यक्रमांचे, पडलेल्या पुढाऱ्यांचे सात-आठ दगड असेच कबरस्तानात गेले होते. वर मंडळीतली गरीब माणसं, खाली मंत्री, सभापती, अध्यक्ष, मातीकडे तोंड करून. सांगताना मिस्त्री हसले. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. गालातल्या गालात, डोळे बारीक करून. "बघा ना बाई. वर मार्था, खाली आबासाहेब. बराबर जागा भेटली का न्हाई?" मीही हसले. आम्ही दोघं त्या दुपारी फार खूश होतो, हे मला कबूल करायला हवं.

आबासाहेब परत आले. पुढारी येतातच. दुसऱ्या पक्षातून आले, पहिल्यापेक्षा मोठं पद घेऊन आले. पाठोपाठ ईस्टर आला. पहाटेच्या उपासनेआधी मंडळीतली माणसं कबरी साफ करतात. तरुणांनी गवत काढलं, खचलेले दगड उचलून सारखे करायला घेतले, आणि मार्थाबाईंच्या दगडाखाली त्यांना आबासाहेब सापडले. तरुणच ते. फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो जिल्हाभर फिरला.

सोमवारी मी शेडवर होते. गाडी बोळात शिरेना म्हणून आबासाहेब चालत आले. मागे चार माणसं. आबासाहेब उंच, पांढरे शुभ्र कपडे, आणि चेहरा थकलेला. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत.

"मिस्त्री, मी जित्ता हाय का मेलो?"

"जित्ते हाव, साहेब."

"मंग कबरस्तानात माझं नाव कसं गेलं? माझ्या मायनं कालपासून अन्नाला हात लावला न्हाई. पोरगा घरात अन् नाव कबरीत. ती म्हणती, आता तुझं काही खरं न्हाई." त्यांनी शेडवरून नजर फिरवली. "आज दिवस मावळायच्या आत तो दगड निघाला पाह्यजे. न्हाई तर उद्या हे शेड निघंल. जागा सरकारी हाय, मला माहीत हाय."

मिस्त्री पोत्यावरून उठले. त्यांना राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "दगड निघणार न्हाई. खाली बाई झोपलीय. शेड काढायचं तर काढा. पर ऐकून जा, साहेब. ते नाव म्या कोरलं. अर्धा इंच मोठं म्या केलं. अन् पालथं बी म्याच घातलं, माझ्या..."

वाक्य तोंडातच राहिलं. मिस्त्री पत्र्याच्या छपराकडे पाहत होते. मला आधी कळेना काय झालं. मग लक्षात आलं. गच्चीवरचा तो राजा हेच तर बोलला होता. म्या बांधलं. इतकी वर्षं चहाबरोबर ती गोष्ट सांगणारा माणूस त्याच वाक्यात येऊन उभा राहिला होता, आणि ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

त्यांनी चष्मा काढला. "साहेब, चुकलो."

आबासाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. मला तर थोडा रागच आला. आत्ता कुठे कुणीतरी मोठ्या माणसाला तोंडावर बोलत होतं.

"मजा वाटली मला," मिस्त्री म्हणाले. "तुमचं नाव मातीत घालून मजा वाटली. तुमच्या मायला सांगा, मिस्त्री चुकला. आज नाव काढून देतो. पर दगड बाईचा हाय, तो तिथंच ऱ्हाईल."

"मी उभा राहून काढून घेणार."

"चला."

मी पण गेले. कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा कळवली, कारण खोटं दिलं.

कबरस्तानात दुपारचं ऊन होतं. मार्थाबाईंच्या दगडापाशी मिस्त्री बसले आणि कडेला पहार घातली. एकट्यानं उचलेना. त्यांनी वर पाहिलं. आबासाहेबांची चारही माणसं दोन पावलं मागे सरली. कबरीच्या दगडाला हात कोण लावणार? एकाला उपास आठवला, एकाला कंबर. आबासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी गवतात गुडघे टेकले. दोन्ही हात जमिनीला लावून दगडाखाली बोटं घातली.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. आता राजा निघणार, अशी माझी खात्री होती. गवत समोर, माणूस समोर, चार पायांवर. दुसऱ्या कुणी ही संधी सोडली नसती, मी तर नक्कीच नसती.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, बोटं सांभाळा."

दगड उलटला. ओल्या मातीत नाव ठसठशीत होतं. मिस्त्रींनी ते शर्टाच्या टोकानं पुसलं आणि छिन्नी लावली. कोरताना खालून वर जाणारा हा माणूस काढताना वरून खाली आला. आधी पद गेलं. आबासाहेब शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसून पाहत होते. छिन्नीचा आवाज, पांढरी भुकटी. मिस्त्री दर चार ठोक्यांनी थांबून दगडाला कान लावायचे. संगमरवर पातळ होता, दोन्हीकडून कोरलेला. नावापाशी आल्यावर त्यांनी कान लावला तो बराच वेळ काढला नाही.

"आवाज बदलला, साहेब."

"म्हणजे?"

"पुढं गेलो तर फुटंल. फुटलं तर पल्याडच्या अंगाचं बाईचं नाव जाईल. दुसरा दगड माझ्यापाशी न्हाई." त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "तुम्ही सांगताल तसं."

आबासाहेबांनी नुसतं हूं म्हटलं असतं तरी मिस्त्रींनी हातोडी उचलली असती. शब्द दिला होता.

आबासाहेबांनी विचारलं, "कोण व्हती ती?"

"दवाखान्यात आया. बाळंतिणींचं करायची."

आबासाहेब उठले, गुडघ्याला लागलेलं गवत झटकलं. "मायला सांगतो निघालं म्हणून. घाला पालथा." आणि ते पुन्हा खाली बसले, कारण दगड पालथा घालायलाही दोघं लागत होते. शेडला नोटीस आली नाही. त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुढे कोनशिला यंत्रावर कोरून मिळू लागल्या. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, दोन तासांत तयार. मजकूरही फोनवर जायला लागला, मग माझं त्या बोळात जाणं थांबलं. मी निवृत्त झाले. मिस्त्रींना शेवटचं भेटले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. शेड बंद होतं. पलीकडचा धान्यवाला म्हणाला, मिस्त्री रोज कबरस्तानातच असतात.

तिथे एका कबरीपाशी ते बसले होते. दगड कडेला उलटा केलेला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. अंगठ्यानं दगड चाचपून एक ठोका घालायचे, पुन्हा चाचपायचे.

"बाकीच्या पुढाऱ्यांनी तर काही मागितलं नव्हतं, मिस्त्री."

"त्यांना बी माय असंलच की." ते हसले. "एक एक काढून राह्यलो. जल्दी न्हाई. जेवढं दगड सोसंल तेवढं. दिसत न्हाई कोण हाय ते. जे कुणी असतील त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, अन् काढतो."

मी शेजारी बसले. दगडाची पाठ केव्हाच गुळगुळीत झाली होती. ती छिन्नी आता पाठीवर चालत नव्हती, दगडाच्या जाडीवर, बोटभर रुंद कडेवर चालत होती. मी वाकून पाहिलं. बारीक, रेखीव अक्षरं होती, त्यांच्या हातची सगळ्यांत सुंदर. 'काम : शांतवन पाटोळे, जुना जालना.' इतकी वर्षं मी काना-मात्रा तपासत आले, पण मंजूर मजकुरात ही ओळ कधी नव्हती. कोनशिला भिंतीत बसली की ती कड गिलाव्यात जायची, कुणाला दिसायची नाही.

"सगळ्यांवर आहे का हे?"

"सगळ्यांवर."

"राहू द्या ना, मिस्त्री. हे तर कुणीच वाचत नव्हतं."

"म्या वाचत व्हतो ना, बाई," ते म्हणाले, आणि काढायच्या पुढच्या अक्षरासाठी अंगठा फिरवू लागले. दगड हलत होता. मी दुसऱ्या बाजूनं तो धरून बसले.